लग्नपत्रिकेचं काम

"आपल्याला कुणाच्या बापाची भीती नाही!" असं एकनाथरावांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळून बशीत सांडत होता.

भीती वाटायला तसं सबळ कारण होतं. अंबरपेठेतल्या त्यांच्या फोटो स्टुडिओच्या बरोबर समोर कलर लॅब उघडली होती. काचेचं दार, आत गारेगार हवा, आणि बाहेर भलीमोठी पाटी: 'एका तासात रंगीत फोटो!' एका तासात! एकनाथरावांकडे एका तासात फार तर गिऱ्हाइकाचा भांग नीट व्हायचा. फोटो परवा, आणि तोही अर्जंट असला तर!

देश खुला झाला म्हणे. पेपरात रोज तेच. परदेशी गाड्या येणार, परदेशी थंड पेयं येणार, घरोघर शंभर चॅनेल दिसणार. एकनाथरावांच्या वाट्याला एवढ्या मोठ्या देशातलं फक्त समोरचं शटर खुलं झालं होतं.

आता एकनाथराव काही ऐरेगैरे फोटोग्राफर नव्हते. पासपोर्ट साइज फोटोत त्यांचा हात धरणारा अख्ख्या हैदराबादेत कुणी नव्हता, निदान असं ते स्वतः सांगत. "हनुवटी वर! खांदे सरळ! हसू नका! दोन्ही कान दिसले पाहिजेत!" एवढ्या चार वाक्यांवर त्यांचा संसार उभा होता. त्यांच्या स्टुलावर बसलेला माणूस, मग तो नवरदेव असो की वाढदिवसाचं पोर, फोटोत ऑपरेशनला निघाल्यासारखा दिसे. पण ओळखू मात्र येई! कॉलेज, कचेरी, दुबईचा व्हिसा, कुठेही फोटो परत आला नाही.

आता मात्र दुबईवाले समोरच्या लॅबमध्ये जाऊन हसतमुखाने व्हिसा काढत होते.

"मी सांगतो ऐका एकनाथराव," बँकेतून रिटायर झालेले मुकुंदराव रोज सकाळी स्टुडिओत येऊन फुकटचा पेपर वाचता वाचता म्हणत, "जमाना स्पेशलिस्टचा आहे. एकच काम धरा. डोळ्यांचा डॉक्टर कुणाचे कान तपासतो का?"

एकनाथरावांना पटलं. त्यांनी त्याच दिवशी दारात पुठ्ठा लावला: 'येथे फक्त पासपोर्ट फोटो'. संध्याकाळी एक कुटुंब बारशाचा ग्रुप फोटो काढायला आलं. एकनाथरावांनी त्यांना ताठ मानेने समोरच्या लॅबमध्ये पाठवलं! आणि मग शटरच्या फटीतून ते लोक आत किती वेळ थांबतात ते बघत बसले.

"पप्पा, तुम्ही पण ना!" त्यांची मुलगी प्रियदर्शिनी घरी कपाळावर हात मारून म्हणाली. ती बी.कॉम. करत होती आणि वर कॉम्प्युटर क्लासला जात होती, त्यामुळे घरात तिच्या शब्दाला वजन होतं. "कोण एकाच धंद्यावर राहतंय आता? डायव्हर्सिफाय करा! झेरॉक्स ठेवा, एसटीडी ठेवा, लॅमिनेशन, व्हिडिओ शूटिंग, वेडिंग कार्ड्स! एका कामाला आलेल्या माणसाला चार कामं दिसली पाहिजेत."

हेही एकनाथरावांना पटलं. त्यांचं हेच वाईट होतं, समोरचा जे बोलेल ते त्यांना पटे. पुठ्ठा गेला. पेंटर बोलावला. त्याने नव्या पाटीवर झेरॉक्सपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळं एवढ्या ऐसपैस अक्षरांत रंगवलं की शेवटी 'फोटो' या शब्दाला जागाच उरली नाही!

"असू द्या," पेंटर म्हणाला, "तुम्ही फोटोवाले है करके सबको मालूमच है ना!"

एसटीडीचा फोन आला. लॅमिनेशनचं मशीन आलं. छत्ता बाजारातल्या एका छापखान्याने लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचा जाडजूड अल्बम दिला. मखमलीचे गणपती, सोनेरी कलश, उघडलं की वास येणाऱ्या पत्रिका! एकनाथराव रात्रंदिवस तो अल्बम चाळत. स्वप्नातही त्यांना पत्रिकाच दिसू लागल्या. पण गिऱ्हाईक काही दिसेना.

आणि मागे बेगम बाजार उभाच होता. तिथे त्यांचे मेहुणे, म्हणजे पत्नी भामाबाईंचे बंधू हिम्मतराव, यांचं मिरची-मसाल्याचं ठोक दुकान होतं. "दाजी, काळजी कायकू करताव?" हिम्मतराव दर सणाला म्हणत. "बंद करा ते दुकान अन् या माझ्याकडं. गोदामावर भरवशाचा माणूस पाहिजेच मला!" एकनाथरावांना मिरचीचं नाव ऐकूनच शिंका येत. उरलेलं सगळं आयुष्य नाकाला रुमाल लावून मेहुण्याच्या पोत्यांवर बसायचं, या विचाराने त्यांचा घास घशाखाली उतरत नव्हता. महिनाभरात एखादं मोठं काम मिळालं नाही तर मिरची अटळ होती.

अशात एक दिवस दारात पांढरीशुभ्र गाडी थांबली आणि बुच्चिरेड्डी उतरले!

बुच्चिरेड्डी म्हणजे सिकंदराबादची बडी असामी. तांदळाच्या गिरण्या, गळ्यात बोटाएवढी साखळी, आवाज असा की लॅमिनेशनचं मशीन थरथरावं. त्यांच्या मुलीचा फोटो गेल्या वर्षी एकनाथरावांनीच काढला होता. हनुवटी वर, दोन्ही कान दिसताहेत, असाच! तो फोटो अमेरिकेतल्या एका सॉफ्टवेअरवाल्या मुलाकडे गेला आणि तिकडून होकार आला.

"एकनाथरावगारू!" बुच्चिरेड्डींनी त्यांचे दोन्ही हात धरले. "तुम्हारे हात में बरकत है जी! अब रविवार को हमारे घर लग्नपत्रिका है. तुमीच आना! ये काम अच्छा हुआ तो पूरी शादी तुमकूच देतूं. पाँच दिन की शादी!"

पाच दिवसांचं लग्न! एकनाथरावांनी मनात हिशेब मांडला. म्हणजे आधी लग्नपत्रिका, त्या पसंत पडल्या की फोटो, व्हिडिओ, सगळंच! प्रियदर्शिनी म्हणाली होती तस्सं!

"रंगीन होना ना साब?" त्यांनी खात्री करून घेतली.

"रंगीनच होना! ब्लॅक अँड व्हाइट कायकू?"

"अल्बम लातूं मैं."

"अल्बम तो होनाच! मोटा अल्बम होना!"

"और लिखने का? मजकूर?"

"वो पंतुलुगारू लिखते," म्हणजे भटजी. "उनो लिखते सो टाइम पे तुम एकदम बाजू में ठैरना. और एक बात, सबका लेना! छोटे, बडे, गाँव से आए सो लोगां, सबका. एक आदमी छूटा तो जिंदगीभर मुँह फुला के बैठते!"

हे एकनाथरावांना अगदी पटलं. पत्रिकेत नाव राहिलं म्हणून त्यांच्या सख्ख्या चुलत्याने लग्नात जेवणावर बहिष्कार टाकला होता. माणसं नावाला किती जपतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं!

रविवारी दुपारी एकनाथराव इस्त्रीचा सफारी घालून निघाले. काखेत पत्रिकांचा अल्बम, खिशात दोन पेनं.

"अहो, कॅमेरा राहिला की!" भामाबाई म्हणाल्या.

"कॅमेरा कशाला? पत्रिकेचं काम आहे."

"असू द्या की संगं. तुम्ही फोटोवाले हाव ना?"

"भामा, तुला डायव्हर्सिफिकेशन कळत नाही," असं म्हणून एकनाथराव ऑटोत बसले. हा शब्द त्यांना स्वतःला नीट म्हणता आला, याचंच त्यांना वाटेत कौतुक वाटत राहिलं.

सिकंदराबादला पोहोचले तर बंगल्यासमोर मांडव! आंब्याची तोरणं, सनईवाले, रेशमी पट्टूसाड्या नेसलेल्या बायका, शंभरेक माणसं. एक पत्रिका निवडायला एवढी माणसं? एकनाथरावांना आधी आश्चर्य वाटलं, मग घाम फुटला. इतक्या लोकांचं एकमत कधी व्हायचं? यांच्यातल्या निम्म्यांना गणपती आवडणार, निम्म्यांना कलश!

"आ गए! आ गए!" बुच्चिरेड्डी ओरडले. "चलो, शुरू करो!"

मांडवात भटजी कागद-पेन घेऊन बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना बुच्चिरेड्डी आणि मुलाचे वडील. दोघांनी मिळून पानसुपारीचं ताट उचललं, एकनाथरावांकडे तोंड केलं आणि हसले. नुसते हसले नाहीत, हसत तसेच थांबले! ताट हवेत, मान किंचित तिरकी, चेहरा प्रसन्न.

किती अदबीचे लोक! एकनाथरावांनी अल्बम काखेत दाबून दोघांना वाकून नमस्कार केला.

ते थांबलेलेच. एकनाथरावांनी पुन्हा नमस्कार केला. मुलाच्या वडिलांचे हात कापू लागले. शेवटी ताट खाली आलं, आणि बुच्चिरेड्डींनी डोळे बारीक करून यांच्याकडे बघितलं. काहीतरी चुकतंय, असं एकनाथरावांना वाटलं. पण काय ते कळेना! बहुधा वेळ वाया जातोय म्हणून रागावले असतील. सबका लेना, असं बजावलं होतं ना? त्यांनी झटकन पेन काढलं आणि कामाला लागले.

"अम्मा, आपका नाम?" "बाबू, तुम दुल्हन के कौन लगते?" बायका आधी बुजल्या, मग हसत हसत नवऱ्यांची, मुलांची, सुनांची नावं सांगू लागल्या. सांगताना प्रत्येकजणी पदर सारखा करी, केसांवरून हात फिरवी आणि एकनाथरावांकडे बघून हसे. एकनाथराव म्हणत, "झालं, पुढे!"

एकाही माणसाचं नाव सुटायला नको, म्हणून ते थेट फाटकापर्यंत गेले. तिथे कडुलिंबाखाली एक गृहस्थ एकटेच उभे होते. बुच्चिरेड्डींसारखंच नाक, तसेच खांदे, पण अंगावर साधा शर्ट. आत यायचं की निघून जायचं, हे ठरत नसल्यासारखे.

"आपका नाम साब?"

"मेरा नाम कायकू?" तो माणूस गुरकावला.

"कार्ड में डालना है ना! साब ने बोला, एक आदमी भी छूटना नै."

तो माणूस बघतच राहिला. "किसने बोला? अन्ना बोले? मेरा नाम डालो, बोले?"

"सबका बोले साब. आपका भी!"

"राजिरेड्डी," तो माणूस म्हणाला. आणि नाव सांगता सांगताच त्याचे डोळे भरून आले.

एकनाथरावांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! राजिरेड्डी हे बुच्चिरेड्डींचे धाकटे भाऊ. वडिलांच्या शेतावरून दोघांचं बिनसलं, ते इतकं की वर्षानुवर्षं एकाने दुसऱ्याचा उंबरा ओलांडला नव्हता. पुतणीचं लग्न म्हणून फाटकापर्यंत आले, पण पाय पुढे टाकवेना. आणि आता 'अन्नाने', म्हणजे थोरल्या भावाने, नाव विचारायला माणूस पाठवला होता!

राजिरेड्डी तडक मांडवात शिरले. सनई थांबली. बुच्चिरेड्डी उठून उभे राहिले. राजिरेड्डी म्हणाले, "अन्ना, मेरा नाम पूछे तुम!" आणि त्या दांडग्या माणसाने भावाच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा हंबरडा फोडला. बुच्चिरेड्डींचं उपरणं खांद्यावरून घसरलं, एक हात धाकट्याच्या डोक्यावर, दुसरा डोळ्यांवर. मागे त्यांची म्हातारी आई दोघांच्या पाठीवर हात टेकून उभी होती, आणि मांडवाच्या कापडातून तिरपं ऊन नेमकं त्या तिघांवर पडलं होतं. इतकी वर्षं एकनाथरावांनी माणसांचे कान बघितले होते. असा चेहरा त्यांनी कधी बघितला नव्हता.

तेवढ्यात भावाला मिठीत धरूनच बुच्चिरेड्डी ओरडले, "फोटो! एकनाथरावगारू, फोटो लेव!"

शंभर माणसं वळून एकनाथरावांकडे बघू लागली. "फोटो! फोटो!"

आणि त्या क्षणी एकनाथरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याकडे लग्नपत्रिका म्हणजे छापून वाटायचा कागद. तेलुगू घरात लग्नपत्रिका हा अख्खा एक समारंभ असतो! दोन्हीकडची माणसं जमतात, भटजी मुहूर्त लिहितात, वाचून दाखवतात, पानसुपारीच्या ताटांची अदलाबदल होते. त्या समारंभाचे रंगीत फोटो! त्यांचा मोठा अल्बम! सबका लेना म्हणजे फोटो लेना!! जन्म हैदराबादेत गेला, पण पत्रिकांच्या नादात त्यांना हे सुचलंच नव्हतं!

पाच दिवसांचं लग्न डोळ्यांसमोरून वाजतगाजत निघून गेलं, आणि मागून मिरचीची पोती येताना दिसली.

"ला... लाइट कम है साब!" एकनाथरावांच्या तोंडून निघालं. "असिस्टंट फ्लॅश लाराय! एक फोन करतूं!"

बंगल्यातल्या फोनवरून त्यांनी स्टुडिओचा नंबर फिरवला. तिथे प्रियदर्शिनी बसली होती. एंगेज! पुन्हा फिरवला. एंगेज! नव्या एसटीडीवर कुणीतरी बोलत होतं! इतके दिवस त्या फोनकडे माशी फिरकली नव्हती, आणि आजच नेमकं कुणीतरी परगावी नोकरीला लागलेल्या मुलाला गल्लीतल्या बातम्या सांगत असणार!

बाहेर भटजी घड्याळ दाखवू लागले. राहुकाळ लागायच्या आत वाचन झालंच पाहिजे!

शेवटी फोन लागला. "पप्पा, काय गर्दी आहे एसटीडीला!" प्रियदर्शिनी आनंदाने ओरडली. "बोलले होते ना मी? डायव्हर्सि..."

"कॅमेरा!" एकनाथराव किंचाळले. "कॅमेरा घेऊन ये! कलर रोल! ऑटो कर! पळ!"

आता ती येईपर्यंत वेळ काढायचा कसा? एकनाथरावांनी जे येत होतं ते केलं. "चलो, सब लाइन में! छोटे आगे, बडे पीछे! अम्मा, हनुवटी... थुड्डी उप्पर! साब, खांदा सीधा! दोनों कान दिखना!" त्यांनी शंभर माणसांना उंचीप्रमाणे लावलं, मग कपड्यांच्या रंगाप्रमाणे लावलं, मग पुन्हा उंचीप्रमाणे लावलं. बोटांची चौकट करून एका डोळ्याने बघितलं, मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून लावलं. भटजींनाही उठवून तीनदा बसवलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "ये अमेरिकन पद्धत है क्या?" एकनाथराव म्हणाले, "हौ!"

ऑटो आली तेव्हा त्यांचा सफारी घामाने अंगाला चिकटला होता. प्रियदर्शिनी कॅमेरा घेऊन धावली, मागून भामाबाई फ्लॅश छातीशी धरून. "म्हणलं होतं ना मी..." एवढंच त्या म्हणाल्या. पुढचं त्यांनी घरी म्हणायला राखून ठेवलं.

राहुकाळाच्या आत वाचन झालं. ताटं बदलली. एकनाथरावांनी पटापट रोल संपवले, एकही माणूस सोडला नाही! आणि शेवटी दोन्ही भावांना पुढे बोलावलं. "साब, वो गले मिले सो... एक बार और!"

दोघे पुन्हा गळ्यात पडले. पण आता डोळे कोरडे होते, राजिरेड्डी लाजत होते, बुच्चिरेड्डींनी पोट आत घेतलं होतं. आणि एकनाथरावांच्या तोंडून, जन्माच्या सवयीने, निघून गेलं, "हनुवटी वर! हसू नका!"

आठवड्याभराने ते मोठा अल्बम घेऊन सिकंदराबादला गेले. सोफ्यावर दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. बुच्चिरेड्डी पानं उलटू लागले. ताट, भटजी, पानसुपारी. प्रत्येक पानावर रांगेने उभी माणसं, प्रत्येकाचे दोन्ही कान स्पष्ट!

अल्बम संपला. बुच्चिरेड्डींनी तो पुन्हा पहिल्यापासून चाळला.

"वो किधर है जी?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "ये आके मेरे गले पडा सो?"

एकनाथरावांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. दोन भाऊ, ताठ खांदे, वर केलेल्या हनुवट्या, व्हिसाला निघाल्यासारखे.

"ये नै. पहलेवाला."

तो फोटो एकनाथरावांना डोळे मिटले की दिसत होता. ऊन कुठे होतं, म्हातारीचा हात कुठे होता, सगळं. आयुष्यात एकदाच असा फोटो समोर आला होता, आणि तेव्हा त्यांच्या काखेत मखमलीचा गणपती होता! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वो नै आया साब," ते म्हणाले. "कॅमेराच नै था मेरे पास. मैं... कार्डां लेके आया था."

त्यांनी सगळं सांगून टाकलं. बुच्चिरेड्डींचं आधी पोट हलू लागलं, मग खांदे, आणि मग दोघे भाऊ एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत इतके हसले, इतके हसले की आतून म्हातारी बघायला आली. एकनाथरावही हसले. कधी थांबायचं ते कळेना, म्हणून जरा जास्तच हसले.

"शादी के फोटो मैं दूसरे को देतूं जी," बुच्चिरेड्डी डोळे पुसत म्हणाले. "तुम बुरा नै मानना. फोटोवाले सिकंदराबाद में गल्ली गल्ली में हैं. लेकिन फाटक पे जाके मेरे भाई का नाम पूछा सो आदमी एकीच है! कार्डां तुमीच छापना. पाँचों दिन के कार्डां, और सबका नाम डालना. इसका नाम मेरे नाम के बाजू में!"

राजिरेड्डींनी मान खाली घातली. एकनाथरावांच्या डोळ्यांसमोरची मिरचीची पोती मागे फिरली. जन्मभर फोटो काढले, आणि मिळालं काय, तर छापखान्याचं काम! पण काम मिळालं होतं. मोठं मिळालं होतं. त्यांनी ऐटीत खिशातून पेन काढलं.

"मजकूर हिंदी में डालूं के अंग्रेजी में, साब?"

"हमारे लोगां गाँववाले हैं जी! पूरा तेलुगू में डालो. तुमीच बैठ के एक एक अक्षर तपासना. एक भी नाम गलत छपा तो फिर से झगडा!"

"तपासतूं साब! काळजी नको!" एकनाथराव छातीवर हात ठेवून म्हणाले.

तेलुगूतलं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं!